‘चालत नाही’ की ‘चालू देत नाही’? उपकरणाने नाकारलेल्या ॲक्सेसरीची पारख कशी करावी

उपकरणाला नवी केबल, चार्जर, शाईचे कार्ट्रिज किंवा कंट्रोलर जोडला आणि पडद्यावर ‘ही ॲक्सेसरी सुसंगत नाही’ असा संदेश आला, की बहुतेक जण दोष त्या वस्तूलाच देतात, ती परत करतात आणि कितीतरी महाग असलेली कंपनीची वस्तू विकत आणतात. हा निर्णय कधी बरोबर असतो आणि कधी साफ चुकीचा, कारण त्या एकाच संदेशामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी वस्तू खरोखरच चालत नाही: विजेचा दाब जुळत नाही, तार पुरेशी जाड नाही किंवा दोन्हींची संदेशवहनाची पद्धत निराळी आहे. कधी मात्र वस्तू चालली असती, पण उपकरण तिला चालू देत नाही. पहिल्या बाबतीत वस्तू बदलणे हाच उपाय आहे. दुसऱ्या बाबतीत वस्तू बदलली, की कंपनीने घातलेल्या अडसराचा खर्च ग्राहकाने निमूटपणे आपल्या अंगावर घेतलेला असतो. हा फरक कसा ओळखावा, खरेदीपूर्वी काय पाहावे आणि नकार मिळाल्यावर कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे येथे मांडले आहे.

अडसर कोठे बसवलेला असतो

सर्वांत जुना अडसर आकाराचा. जोडणीचे तोंड किंवा खाच अशी बनवायची, की दुसऱ्या कोणाची वस्तू तीत बसूच नये. सोनीने १९९८ मध्ये आणलेली मेमरी स्टिक आणि पुढे प्लेस्टेशन व्हिटा या हातातल्या खेळयंत्रासाठी बनवलेले वेगळे मेमरी कार्ड ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. हा अडसर त्रासदायक असला तरी निदान डोळ्यांना दिसतो आणि विकत घेण्याआधीच कळतो, म्हणून मी त्याला सर्वांत कमी घातक मानतो.

दुसरा अडसर चिपचा. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या खेळयंत्रात एक ‘कुलूप’ चिप होती आणि खेळाच्या प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये तिची ‘किल्ली’ होती. दोघींचा मेळ बसला नाही, तर यंत्र पुन्हापुन्हा स्वतःला नव्याने सुरू करत राही. त्याच यंत्राची १९८३ ची जपानी आवृत्ती या चिपशिवाय व्यवस्थित चालत होती, यावरूनच ती चिप खेळ चालवण्यासाठी नव्हती हे स्पष्ट होते. ॲपलने २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत लाइटनिंग जोडणी आणली तेव्हा केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप बसवली, आणि पुढच्या वर्षी आयओएस ७ या आयफोनच्या प्रणालीमध्ये परवाना नसलेल्या केबलवर ‘ही केबल प्रमाणित नाही’ असा इशारा दिसू लागला. प्रिंटरची कार्ट्रिज, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि लॅपटॉपचे अडॅप्टर यांतही हीच युक्ती वापरली जाते.

तिसरा अडसर यादीचा. उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, मंजूर वस्तूंची यादी असते आणि जोडलेल्या वस्तूचा ओळखक्रमांक त्या यादीत नसला, की ती नाकारली जाते. काही लॅपटॉपमध्ये वायफायचे कार्ड बदलल्यावर यंत्र सुरूच होत नाही आणि ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड’ असा संदेश येतो, तो यामुळे. कार्ड त्याच आकाराच्या खाचेत बसते, त्याच प्रमाणित पद्धतीने बोलते, दुसऱ्या यंत्रात बिनतक्रार चालते. फक्त यादीत त्याचे नाव नसते.

चौथा प्रकार ओळखायला सर्वांत कठीण, कारण त्यात नकार कोठेच दिसत नाही. वस्तू जोडली जाते, चालते, पण कमी चालते. चार्जिंग सावकाश होते, घड्याळात सूचना दिसतात पण त्यांना उत्तर देता येत नाही, कानातला हेडफोन जोडला जातो पण एका उपकरणावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. ग्राहकाला वाटते की स्वस्त वस्तू घेतली म्हणून असे झाले. प्रत्यक्षात उपकरण बनवणाऱ्या कंपनीने ती सोय स्वतःच्या वस्तूंपुरती राखून ठेवलेली असू शकते.

खरी मर्यादा कशी दिसते

अडवणुकीचा आरोप करण्यापूर्वी खरी तांत्रिक मर्यादा नेमकी कशी असते हे जाणून घेणे आवश्यक आहे. अन्यथा तक्रार पहिल्याच उत्तरात कोसळते. यूएसबी-सी केबलचे उदाहरण घ्यावे. ज्या केबलमध्ये स्वतःची माहिती सांगणारी ई-मार्कर चिप नाही, तिच्यातून ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोडायचा नाही असा यूएसबीचा नियम आहे, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट हीच तिची कमाल मर्यादा. १०० वॅटचा चार्जर आणि १०० वॅट घेणारा लॅपटॉप यांच्यामध्ये अशी साधी केबल लावली, तर चार्जिंग ६० वॅटवरच थांबेल आणि ते योग्यच आहे. येथेही चिपच आहे, पण ही चिप कोणीही कंपनी परवानगी न मागता बसवू शकते आणि ती ‘मी कोणाची’ हे नव्हे तर ‘मी किती सोसू शकते’ हे सांगते. माझ्या मते संपूर्ण विषयातला कळीचा फरक हाच आहे: क्षमता विचारणारी तपासणी रास्त, मालकी विचारणारी तपासणी संशयास्पद.

निकृष्ट वस्तूंचा धोका काल्पनिक नाही. गूगलमधील अभियंते बेन्सन लियुंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातील यूएसबी-सी केबली एकेक करून तपासायला सुरुवात केली, तेव्हा अनेक केबलींमध्ये ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोधक आढळला. या चुकीच्या रोधकामुळे उपकरणाला वाटते की समोर ३ अँपिअर देणारा स्रोत आहे, आणि ते जुन्या चार्जरकडून किंवा संगणकाच्या पोर्टकडून झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर आतल्या ताराच उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा तपासणीचा लॅपटॉप निकामी केला. तेव्हा सुरक्षिततेचे कारण सांगणारी प्रत्येक कंपनी खोटे बोलते असे मुळीच नाही. मात्र लियुंग यांनी दाखवलेला दोष मोजता येण्याजोगा होता, आणि त्याची कसोटी सर्व उत्पादकांना सारखी लागू होती.

पारख करणारे पाच प्रश्न

पहिला प्रश्न: ही वस्तू काल चालत होती का? वस्तू तीच, उपकरण तेच आणि मध्ये फक्त सॉफ्टवेअरचे अपडेट झाले असेल, तर तारेची जाडी किंवा विजेचा दाब बदललेला नाही. नियम बदलला आहे. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक इंकजेट प्रिंटरनी इतर उत्पादकांची कार्ट्रिज एकाच दिवशी नाकारायला सुरुवात केली. आदल्या दिवशी त्याच कार्ट्रिजनी छपाई झाली होती. फर्मवेअरमध्ये आधीच ठेवलेली तपासणी ठरलेल्या तारखेला जागी झाली होती. लोकांच्या संतापानंतर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि काही प्रिंटरसाठी ती तपासणी काढून टाकणारे फर्मवेअर उपलब्ध करून दिले. ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ या नावाने हे धोरण मात्र पुढेही चालू राहिले. असेच काहीसे २०२३ च्या शरद ऋतूत मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स हे खेळयंत्र वापरणाऱ्यांच्या वाट्याला आले: परवाना नसलेला कंट्रोलर जोडल्यावर दोन आठवड्यांची मुदत देणारा इशारा येऊ लागला आणि १२ नोव्हेंबर २०२३ पासून अशा वस्तू बंद पडू लागल्या. शारीरिक अडचणींमुळे स्वतःच्या गरजेप्रमाणे वेगळी साधने जुळवून खेळणाऱ्यांचे काय होणार, ही चिंता तेव्हा व्यक्त झाली. ती रास्त होती, कारण ज्यांच्यापुढे पर्याय सर्वांत कमी असतात त्यांनाच असा निर्णय आधी लागतो.

दुसरा प्रश्न: ओळख पटवणारा भाग बाजूला केला, तर काम होते का? याचे सर्वांत बोलके उत्तर एका कंपनीनेच दिले. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा होता, तेव्हा कॅननला आपल्या काही कार्यालयीन प्रिंटरची टोनर कार्ट्रिज चिपशिवाय विकावी लागली. प्रिंटर साहजिकच स्वतःच्याच कंपनीच्या टोनरला अनधिकृत समजू लागले आणि तो इशारा ओलांडून छपाई कशी करावी, याच्या सूचना कंपनीला ग्राहकांना द्याव्या लागल्या. छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही. टोनर किती उरला आहे हे नीट कळणार नाही, एवढेच, असे कंपनीने सांगितले. क्यूरिगच्या २०१४ च्या कॉफीयंत्रातही असेच उघडकीस आले. ते यंत्र कॉफी भरलेल्या कुपीच्या झाकणावरील खास शाई वाचून कुपी कोणाची हे ओळखत असे. लोकांनी अधिकृत झाकणाची कड कापून दुसऱ्या कुपीवर ठेवली आणि कॉफी नेहमीसारखी तयार झाली. हा प्रश्न प्रत्येकाने स्वतः प्रयोग करून सोडवावा असे मी सुचवत नाही. आपल्या मॉडेलबाबत इतरांनी काय अनुभव नोंदवला आहे हे शोधणे पुरेसे आहे.

तिसरा प्रश्न: तीच वस्तू त्याच प्रमाणाच्या दुसऱ्या उपकरणावर पूर्ण क्षमतेने चालते का? दुसऱ्या कंपनीच्या फोनवर ४५ वॅटने चार्ज करणारा चार्जर तुमच्या फोनवर १५ वॅटच देत असेल, तर चार्जर सदोष नाही. तरीही लगेच अडवणूक म्हणू नये. काही फोन जलद चार्जिंगसाठी पॉवर डिलिव्हरी या यूएसबीच्या सामाईक पद्धतीऐवजी स्वतःची पद्धत वापरतात, जीत कमी दाबावर खूप जास्त प्रवाह पाठवला जातो आणि त्यासाठी जाड केबल व खास अडॅप्टर लागतो. तो भाग तांत्रिक आहे. त्या फोनने सामान्य पॉवर डिलिव्हरीलाही चांगला वेग का दिला नाही, हा मात्र निवडीचा भाग आहे, आणि तक्रार त्याबद्दलच करावी.

चौथा प्रश्न: नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने तो अडसर कधी दूर झाला आहे का? वायरलेस चार्जिंगमध्ये हे छान दिसते. २०२० च्या आयफोन १२ पासून ॲपलच्या चुंबकाने चिकटणाऱ्या मॅगसेफ चार्जरवर १५ वॅट मिळत, क्यूआय या सर्वसामान्य प्रमाणाच्या साध्या चार्जरवर साडेसात. चुंबकामुळे दोन्ही वेटोळी नेमकी समोरासमोर येतात आणि वीज कमी वाया जाते, हे खरे. पण परवान्याशिवाय बनवलेल्या चार्जरला तसेच चुंबक लावले तरी वेग साडेसातच राही. पुढे ॲपलच्याच चुंबकरचनेवर आधारलेले क्यूआय२ हे खुले प्रमाण २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये आलेल्या आयओएस १७.२ ने जुन्या आयफोन १३ आणि १४ मध्येही त्या चार्जरची सोय दिली. फोनच्या आत कोणीही नवा भाग बसवला नव्हता.

पाचवा प्रश्न: कंपनीने दिलेले कारण मोजता येते का? ‘दर्जा’, ‘उत्तम अनुभव’, ‘सुरक्षितता’ हे नुसते शब्द आहेत. कोणता दाब, कोणते तापमान, कोणता प्रमाणग्रंथ आणि त्यातील कोणती अट वस्तूने मोडली, हे सांगितले असेल तर ते कारण आहे. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये आपल्या प्लस मालिकेच्या नव्या साठवणयंत्रांत प्रमाणित यादीबाहेरच्या हार्ड डिस्क स्वीकारायच्या नाहीत असे ठरवले आणि विश्वासार्हतेचे कारण पुढे केले. त्याच डिस्क कंपनीच्या जुन्या यंत्रांत वर्षानुवर्षे चालत होत्या. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या यंत्रांच्या प्रणालीच्या डीएसएम ७.३ या आवृत्तीने ती अट बऱ्याच अंशी मागे घेतली.

खरेदीपूर्वी काय पाहावे

माझा स्पष्ट सल्ला असा, की उपकरण निवडताना त्याच्या आयुष्यभरात लागणाऱ्या जोडवस्तूंची यादी आधी करावी आणि त्यानंतर उपकरणाकडे वळावे. प्रिंटरच्या बाबतीत हे सर्वाधिक लागू पडते, कारण तेथे यंत्र स्वस्त आणि शाई महाग असाच व्यवहार असतो. खोक्यावर किंवा उत्पादनाच्या पानावर ‘फक्त मूळ चिप असलेल्या कार्ट्रिजसह वापरासाठी’ अशा आशयाची बारीक ओळ असते, ती वाचावी. जादा शाई किंवा वाढीव वॉरंटी देऊ करणाऱ्या योजनांच्या अटी तर शब्दशः वाचाव्यात: एचपी प्लस योजनेत सामील झाल्यावर प्रिंटर सतत इंटरनेटला जोडलेला ठेवणे आणि कायम मूळ शाई वापरणे बंधनकारक होते आणि त्यातून नंतर मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. प्रिंटर पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर येणाऱ्या प्रश्नांना घाईने ‘हो’ म्हणत जाण्यातून बऱ्याच जणांची फसगत होते. बाटलीतून शाई ओतायच्या टाकीचे प्रिंटर या जाचातून बऱ्याच अंशी सुटतात, मात्र त्यांतल्या काहींत वाया गेलेली शाई साठवणाऱ्या बदलत्या डब्यावर चिप असते, हे लक्षात असू द्यावे.

फोन आणि लॅपटॉप घेताना ‘जलद चार्जिंग’ या शब्दावर समाधान मानू नये. यूएसबी पॉवर डिलिव्हरीने किती वॅट मिळतात आणि पीपीएस नावाचा दाब हळूहळू बदलणारा प्रकार चालतो का, या दोन गोष्टी शोधाव्यात. जाहिरातीतला मोठा आकडा कंपनीच्याच चार्जरचा असतो; सामान्य चार्जरचा आकडा तपशिलाच्या तळाशी असतो किंवा छापलेलाच नसतो, आणि छापलेला नसणे हेही एक प्रकारचे उत्तर आहे.

साठवण वाढवण्याची सोय असेल तर ती कोणत्या प्रमाणाची आहे ते पाहावे. प्लेस्टेशन ५ मध्ये सप्टेंबर २०२१ पासून एम.२ या सर्वसामान्य प्रमाणाची, पुरेशा वेगाची कोणतीही एसएसडी (साठवणीची चकती) बसवता येते. एक्सबॉक्सच्या समकालीन यंत्राने त्यासाठी स्वतःच्या आकाराचे कार्ड ठेवले. स्मार्टघड्याळांबाबत तर खोक्यावरील वैशिष्ट्यांची यादी आपल्या फोनसह पडताळल्याशिवाय खरेदी करू नये. ॲपल वॉचला आयफोन लागतोच, आणि सॅमसंगच्या घड्याळातील ईसीजीची सोय अधिकृतपणे सॅमसंगच्याच फोनसोबत मिळते. घड्याळ ‘अँड्रॉइडवर चालते’ हे वाक्य खरे असते, पण पूर्ण नसते.

अपडेटच्या बाबतीत सावधगिरी

अपडेट थांबवावे का, याचे सरसकट उत्तर देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. फोन, संगणक आणि राउटर यांची सुरक्षा अपडेट केवळ एखादी केबल नाकारली जाईल या भीतीने टाळू नयेत. तो व्यवहार तोट्याचा आहे. प्रिंटर, डॉक (लॅपटॉपला जादा जोडण्या देणारे साधन) आणि खेळयंत्रांच्या जोडवस्तू यांचे गणित वेगळे आहे. प्रिंटरमध्ये स्वयंचलित अपडेटचा पर्याय असल्यास तो बंद करावा, प्रिंटरला इंटरनेटची गरज नसेल तर तो यूएसबी केबलने किंवा केवळ घरातल्या नेटवर्कपुरता जोडावा, आणि जुन्या फर्मवेअरवर ठेवलेला प्रिंटर बाहेरच्या जाळ्यापासून दूरच ठेवावा, कारण न भरलेल्या सुरक्षाछिद्रांचा धोका प्रिंटरलाही असतो. अपडेट घ्यायचेच असेल तर आधी सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि काही दिवस थांबून इतरांचे अनुभव वाचावेत. बऱ्याच उपकरणांत मागच्या आवृत्तीवर परतण्याचा मार्ग बंद केलेला असतो, त्यामुळे येथे थांबून राहण्यात काही बिघडत नाही, घाई मात्र नडू शकते.

नकार मिळाल्यावर

सर्वप्रथम पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र काढावे. हे क्षुल्लक वाटते, पण संदेशातील शब्द आणि त्रुटीचा क्रमांक हाच पुढच्या सगळ्या कामाचा पाया असतो. एक्सबॉक्सच्या प्रकरणात 0x82d60002 हा क्रमांक ठाऊक असलेल्यांनाच कळले, की कंट्रोलर बिघडलेला नसून अडवलेला आहे.

त्यानंतर साध्या कारणांची शक्यता संपवावी. पोर्टमधला कचरा कोरड्या, मऊ आणि धातूच्या नसलेल्या वस्तूने काढावा, संपर्काचे बिंदू पुसावेत, दुसरी केबल लावून पाहावी, दोन्ही उपकरणे बंद करून पुन्हा सुरू करावीत. या पायरीचे महत्त्व मला एका जुन्या लॅपटॉपने शिकवले. त्याच्या अडॅप्टरच्या टोकात मधोमध एक बारीक सुई होती, जिच्यातून अडॅप्टर आपली ओळख लॅपटॉपला सांगत असे. वीज त्या सुईतून जात नव्हतीच. एके दिवशी सुईची तार आत तुटली आणि लॅपटॉपने अडॅप्टर ओळखता येत नसल्याचे सांगून बॅटरी चार्ज करणे थांबवले, शिवाय प्रोसेसरचा वेगही उतरवला. अडॅप्टर मूळ कंपनीचाच होता, दाब अचूक होता, वीज पुरेशी होती. मी आधी बॅटरी बदलली, मग चार्जिंगचा सर्किटबोर्ड तपासून घेतला, आणि दोष सापडला तो ओळखपत्र वाचणाऱ्या तारेत. संदेश नीट वाचला असता तर दोन्ही खर्च टळले असते.

तिसरी पायरी ॲक्सेसरीच्या बाजूने पाहण्याची. डॉक, कंट्रोलर, हेडफोन अशा वस्तूंचे स्वतःचे फर्मवेअर असते आणि उपकरणाच्या अपडेटनंतर काही आठवड्यांत त्यांचे उत्पादक सुधारित आवृत्ती देतात. कार्ट्रिजचे विक्रेतेही नव्या चिपचा माल आणतात आणि जुना माल बदलून देतात. खरेदीची पावती जपून ठेवली असेल तर ही मागणी हक्काने करता येते. प्रिंटरच्या मांडणीत ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ नावाचा पर्याय असल्यास तो पाहावा. तो चालू असेल तर एकदा वापरलेले कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरला कायमचे बांधले जाते, म्हणून दुसऱ्या प्रिंटरमधून काढून आणलेले मूळ कार्ट्रिजही नाकारले जाऊ शकते. हा पर्याय ग्राहकाला बंद करता येतो, पण आधीच बांधले गेलेले कार्ट्रिज त्याने सुटत नाही. डायनॅमिक सिक्युरिटी ही याहून वेगळी बाब आहे. दोन्हींत गल्लत केली की कंपनीचा मदतकक्ष चुकीच्या वाटेने नेतो.

अडसर ओलांडण्याच्या युक्त्यांबद्दल दोन शब्द. शाई, टोनर किंवा नेटवर्क कार्ड यांच्या बाबतीत फसलेल्या प्रयोगाने फार तर वस्तू वाया जाते. बॅटरी आणि चार्जर यांच्या बाबतीत आग लागू शकते, त्यामुळे तेथे तपासणी चुकवणारे कोणतेही सर्किट वापरू नये, मग अडवणूक कितीही अन्यायाची असो. कायद्याची बाजू देशोदेशी निराळी आहे. अमेरिकेत डिजिटल कुलपे तोडण्यास मनाई करणारा कायदा १९९८ मध्ये आला आणि लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने त्याचाच आधार घेऊन टोनरची चिप बनवणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीवर दावा लावला. परंतु २००४ मध्ये अपील न्यायालयाने लेक्समार्कला मिळालेला मनाईहुकूम रद्द केला. त्याआधी १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात, दुसऱ्याच्या यंत्राशी सुसंगत वस्तू बनवण्यासाठी त्याच्या प्रणालीची उकल करणे हा रास्त वापर ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले होते. सुसंगत वस्तू बनवणे आणि वापरणे म्हणजे चोरी, असा जो सूर कंपन्यांच्या पत्रकांत असतो, त्याला या निकालांनी कधीच आधार दिलेला नाही.

तक्रार कशी लिहावी

मदतकक्षाला दूरध्वनी करण्याऐवजी लेखी तक्रार द्यावी आणि तीत एकच मुद्दा ठेवावा. ‘तुमचा प्रिंटर वाईट आहे’ या वाक्याला ठरलेले उत्तर तयार असते. त्याऐवजी पुढील धर्तीचा मजकूर लिहावा: ‘अमुक मॉडेलच्या उपकरणावर अमुक तारखेपर्यंत ही ॲक्सेसरी चालत होती. अमुक आवृत्तीचे अपडेट झाल्यावर सोबतच्या छायाचित्रातील संदेश येऊ लागला. तीच ॲक्सेसरी दुसऱ्या उपकरणावर चालते. या ॲक्सेसरीने कोणती विद्युत किंवा तांत्रिक अट मोडली, हे लेखी कळवावे. अशी अट नसल्यास, खरेदीच्या वेळी ही मर्यादा मला कोठे सांगितली होती, ते दाखवावे.’ शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण मोजता येणारी अट मोडली असल्यास कंपनीला ती सांगता येते, आणि सांगता आली नाही तर ते मौनच पुढे ग्राहक मंचासमोर किंवा नियामकासमोर पुरावा म्हणून ठेवता येते.

‘बाहेरची वस्तू वापरल्याने वॉरंटी गेली’ असे सांगितले गेले, तर तेही लेखी मागावे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार विशिष्ट कंपनीचीच जोडवस्तू वापरण्याची अट वॉरंटीला घालता येत नाही, ती वस्तू फुकट पुरवली किंवा फेडरल ट्रेड कमिशन या तेथील व्यापार आयोगाची खास परवानगी घेतली असेल तर गोष्ट वेगळी. आणि एप्रिल २०१८ मध्ये या आयोगाने अशा अटींबद्दल सहा कंपन्यांना ताकीदपत्रे पाठवली होती. इतरत्र नियमाची भाषा निराळी असते, पण बिघाड त्या बाहेरच्या वस्तूमुळेच झाला हे दाखवण्याची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न कोठेही विचारता येतो.

आपल्या एकट्याच्या पत्राने काय होणार, असे वाटत असल्यास मागची दहा-बारा वर्षे पाहावीत. क्यूरिगने पुन्हा भरता येणारी कुपी २०१५ मध्ये परत आणली आणि ती काढणे चूक होते असे प्रमुखांनी मान्य केले. सिनॉलॉजीने सहा महिन्यांत पाऊल मागे घेतले. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांसह अनेक उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचे झाले, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, आणि कंपनीने स्वतःची वेगळी चार्जिंग पद्धत ठेवली तरी पॉवर डिलिव्हरीची पूर्ण क्षमता तिला रोखता येणार नाही, अशी अटही त्यात आहे. आयफोनमधून लाइटनिंग जाऊन यूएसबी-सी आले ते २०२३ मध्ये, या निर्देशाच्या छायेत. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने आणखी पुढे जाऊन, इतर कंपन्यांच्या घड्याळांना आणि हेडफोनना आयफोनशी जोडणी, सूचना आणि माहितीची देवाणघेवाण यांची सोय कशी खुली करावी, हे ॲपलला बांधून दिले. वर सांगितलेला चौथा, न दिसणारा अडसर कायद्याच्या नजरेत आला तो असा.

म्हणून छायाचित्र, पावती, अपडेटचा क्रमांक आणि कंपनीचे उत्तर या चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात आणि ग्राहक संघटना किंवा नियामक जेव्हा अशा प्रकरणांत नागरिकांचे अनुभव मागवतात, तेव्हा त्या जशाच्या तशा पाठवाव्यात. नाकारलेली वस्तू मात्र लगेच फेकून देऊ नये. ती दुसऱ्या कोणाच्या उपकरणावर चालत असेल तर त्याला द्यावी, आणि तक्रार चालू असेपर्यंत तरी ती पुरावा म्हणून आपल्याजवळ ठेवावी.